अडीच घरांचा राजा

आधी चहा ओता. आपली फजिती कोरड्या घशानं सांगवत नाही हो.

आमची सोनल एक दिवस अक्षयला घेऊन उमरखेडला आली. लग्न करीन तर याच्याशीच, म्हणाली. पोरगा काय करतो? तर बुद्धिबळाची कोडी रचणारा प्रोग्रॅम लिहितो. म्हणजे स्वतः रचतसुद्धा नाही, मशीनकडून रचून घेतो! मी जन्मभर ओट्यावर बुद्धिबळ खेळलेला माणूस. मला मिरच्या झोंबल्या.

"दाखव तुह्या मशीनचं एखांदं."

त्यानं पट मांडला. "काका, पांढऱ्याची चाल. दोन चालींत मात. काळ्यानं काहीही केलं तरी राजा सुटत नाही."

त्यानं वजीर सरकवला. मी काळा राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला.

"घे, सुटला."

"काका, राजा असा..."

"शह बसला नसंन तं राजाले एक डाव उडी असते. तुह्या मशीनले मालूम नाही काय?" मी समोरच्या कापड दुकानातून रफिकभाईंना बोलावलं. आमचा रोजचा डाव. "भाई, उडी बरोबर हाय ना?"

"एकदम कायद्यात. काहून, कोन नाही म्हन्ते?"

संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारात झालं, मी कम्प्युटरला हरवलं म्हणून. लोक हात मिळवून जात होते. मी फुगलो, आणि सोनलला सांगून टाकलं, "ज्याच्या मशीनले राजा कोंडता येत नाही, तो संसार काय करंन? हे लग्न होनार नाही."

पोरगी रडली नाही. मोबाइलवर बुद्धिबळाचे नियम काढून तिनं माझ्यापुढे धरले. "बाबा, हे उडी फक्त तुमच्या ओट्यावर चालते. बाकी दुनियेत राजा एकच घर चालते."

मी ते रफिकभाईंना दाखवलं. "मंग दुनिया गलत खेळून राह्यली," ते म्हणाले, पण आवाज पडला होता.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्षयला फोन लावला, पण माफीचा शब्द तोंडातून निघेना. तोच म्हणाला, "काका, ती उडी मला फार आवडली. प्रोग्रॅमला शिकवली. त्यानं तुमच्या नियमानं नवं कोडं रचलंय, पाठवतो."

कोडं आलं. वर अक्षयनं नाव दिलेलं, 'सासऱ्याची उडी'. आता यावर नकार कसा देणार, तुम्हीच सांगा.

लग्न झालं, पंगती उठल्या, सोनल नांदायला गेली. मी आणि रफिकभाई अजून त्या कोड्याचाच पट मांडून बसतो. उडी मारली की मात, नाही मारली तरी मात. पोरगी देऊन बसलो, पण राजा काही सुटून नाही राह्यला.