मावशींचा पाचवा पर्याय

तुमच्या वेळी तुमच्या आईला कळा येत होत्या तेव्हा तिच्याजवळ कोण उभं होतं, हे तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला आमच्या समोरच्या घरातल्या मावशींनी, मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते तेव्हा. पुराव्याशिवाय पाण्याचा घोटही न घेणारी अशी बाई अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरी नाही, असं मी बेधडक लिहिते, आणि लिहिता लिहिताच मला त्यांचा आवाज ऐकू येतो, "सगळ्या जिल्ह्यात विचारून आलीस काय गं? मग 'आमच्या गल्लीत' लिही की."

बरं. आमच्या गल्लीत.

मावशी विणकरांच्या घरातल्या. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि सांगोल्याकडच्या खेड्यात पाऊल टाकलं की तिथल्यासारखं 'न्हाय' आणि 'व्हय'. गरोदरपण आणि बाळंतपण यांवर संशोधन करणाऱ्यांसाठी त्यांनी उभं आयुष्य घरोघर जाऊन बायकांना प्रश्न विचारले. एसटीनं जायचं, उंबऱ्यात बसायचं, कागदावर लिहिलाय तसाच्या तसा प्रश्न वाचायचा आणि मग गप्प राहायचं. "उत्तर तोंडात घालायचं न्हाई," हा त्यांचा धर्म. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण ती गप्प राहायची सवय काही निवृत्त झाली नाही. भाजीवाल्याला त्या विचारतात, "मेथी कधीची हाय?" तो म्हणतो, ताजी आहे. मावशी काही बोलत नाहीत, नुसत्या त्याच्याकडे बघत उभ्या राहतात. मागे गिऱ्हाइकं खोळंबतात, भाजीवाला जुड्यांवर पाणी मारतो, कपाळ पुसतो आणि शेवटी म्हणतो, "कालची हाय, मावशी." त्यावर मावशी समाधानानं तीच मेथी घेतात. ताजी मेथी हवी असा त्यांचा आग्रहच नसतो, त्यांना खरं उत्तर हवं असतं.

घरातही तेच. उखळात कुटलेली शेंगाचटणी मिक्सरमधल्या चटणीपेक्षा सरस, यावर आमच्या गल्लीत दुमत नव्हतं. मावशींनी दोन्ही केल्या, सारख्या वाट्यांत घातल्या, चिठ्ठ्या टाकून कुणाला कुठली वाटी आधी द्यायची ते ठरवलं आणि अख्ख्या गल्लीला डोळे मिटून भाकरीबरोबर खायला लावली. बरोबर ओळखणारा एकच निघाला, आणि त्याला त्या दिवशी सर्दी होती. नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी 'पपई खाल्ली की गर्भ पडतो' असं पाठवलं, की यांचं उत्तर तयार: "पिकलेली की कच्ची? किती खाल्ली? किती जणींनी? कच्चीच्या चिकाचं उंदरांवर बघितलंय म्हणतात, तर कच्ची टाळा. पिकलेलीला उगं बदनाम करू नका." तीनदा त्यांना ग्रुपमधून काढलं. तिन्ही वेळा कुणाची ना कुणाची सून गरोदर राहिल्यावर गुपचूप परत घेतलं.

माझी ताई पहिल्या बाळंतपणासाठी बार्शीहून आमच्याकडे आली, तेव्हा आईनं डोहाळजेवण केलं. दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. ताईनं झाकण उचललं, पेढा निघाला, बायका हसल्या, आणि मावशींनी पिशवीतून एक जाड वही काढली. गल्लीतल्या प्रत्येक डोहाळजेवणात काय निघालं आणि पुढे काय जन्मलं, याची नोंद त्या वर्षानुवर्षं ठेवतात.

"मग काय म्हणते वही?" आईनं टोमणा मारला.

"निम्म्या वेळा बरोबर, निम्म्या वेळा चूक. नाणं उडवलं तरी एवढंच येतंय. पण नाणं खाता येत न्हाई, तेव्हा पेढा राहू दे."

तरी मावशींचं खरं संशोधन, माझ्या मते, शेळ्यांचं. सुनेला प्रश्न विचारायला बसलं की सासू शेजारी येऊन बसायची आणि सुनेच्या वाटची सगळी उत्तरं स्वतःच द्यायची. यावर मावशींनी एक तोड काढली. सासूसाठी त्यांनी आपल्या मनानं शेळ्यांवरच्या प्रश्नांचा वेगळा कागद केला. सुनेशी बोलणं झाल्यावर गोठ्यात जाऊन त्या तो सासूकडून भरून घेत. सुनेचं होईपर्यंत सासूनं बाहेर शेळ्यांजवळ बसून आठवून ठेवायचं, असा करार. प्रश्न मात्र दोन्ही कागदांवर सारखाच होता: कळा येत असताना जवळ कोण होतं? सुनेच्या कागदावर पाच पर्याय होते. आई, सासू, नवरा, इतर, आणि पाचवा, कुणीच नाही. शेळीच्या कागदावर सासवा अभिमानानं सांगत, "मी व्हते की. पाठीवरनं हात फिरवत बसले, हलले न्हाय." आणि आत, त्याच घरातली सून पाचव्या पर्यायावर बोट ठेवून गेलेली असायची.

मावशी हे हसत सांगतात. मला हसू येत नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. अक्षरं शिकले तीच वडिलांनी गल्लीत वाटायला आणलेल्या मोर्चांच्या पत्रकांवर. शेळ्यांची गोष्ट ऐकली त्याच दुपारी मी एक पत्रक लिहिलं: 'प्रसूतीत सोबत मिळाली की सिझर टळतं! सोबत हा आमचा हक्क आहे!' मावशींनी चष्मा लावून वाचलं आणि पेन्सिल घेतली.

"'टळतं' खोड. सोबत असली की सिझर थोडी कमी होतात, कळांचा वेळ थोडा कमी होतो, बाईला बरं वाटतं, आणि तोटा काही दिसलेला न्हाई. तेवढंच लिही. 'थोडं' लिहायला लाजायचं न्हाई."

"मावशी, 'थोडं' लिहून कुणी पेटतं का?"

"पेटवायला बाळंतपण म्हणजे चूल हाय का?" त्या म्हणाल्या. "'हक्क' मात्र राहू दे. त्याला पुरावा लागत न्हाई."

ताई हे सगळं कॉटवर पडून ऐकत होती. तिच्या जावेला बार्शीत बाळंतपणाच्या वेळी दिवसभर एकटीला ठेवलं होतं, ओरडली तर दटावलं होतं. ते ऐकल्यापासून ताईचं जेवण निम्म्यावर आलं होतं. ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तिथली सिस्टर म्हणाली होती, आत कुणाला सोडत नाही. ताईनं त्यानंतर तो विषयच काढला नाही. फक्त दिवस मोजायची.

मावशींनी एक दिवस मला आणि आईला स्वयंपाकघरात पिटाळलं. दार लोटलं. आम्ही अर्थातच दाराला कान लावला. "कळा येतील तेव्हा तुझ्याजवळ कोण हवं?" मावशींनी कागदावरचं वाचावं तसं विचारलं, आणि नेहमीसारख्या गप्प बसल्या. इतका वेळ गेला की आईनं दोनदा दाराकडे हात नेला. मग ताईचा बारीक आवाज आला.

"आई नको. आई रडती. हे तर सुई बघितली तरी खाली बसतात. मावशी, तुम्ही याल का?"

मावशी पहिल्यांदाच अडखळत म्हणाल्या, "मी विचारणारी गं. झाल्यावर जाऊन विचारायची. उभी कधी राहिले न्हाई."

"मग 'इतर'मध्ये लिहा स्वतःला," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशी दवाखान्यात. मी हातात पत्रकं घेऊन मागे. "कुणाला सोडायचं न्हाई हा नियम कुठं लिहिलाय, सिस्टर?" मावशींनी विचारलं. "असं चालत नाही इथं," सिस्टर म्हणाली. मावशी तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या, भाजीवाल्याकडे बघावं तसं. सिस्टरनं रजिस्टर मिटलं, उघडलं, पेनाचं टोपण लावलं, काढलं. "अहो, दोन खाटांमध्ये पडदा नाही. बाकीच्या बायकांनी कुठं जायचं?"

"हे खरं उत्तर झालं," मावशी म्हणाल्या, आणि घरी येऊन त्यांनी ट्रंकेतून भावाच्या मागावर विणलेली जाड चादर काढली, दोरी घेतली आणि डॉक्टर मॅडमपुढे नेऊन ठेवली. मॅडम हसल्या. म्हणाल्या, चालेल, पण बाहेर जा म्हटलं की जायचं. मावशींनी ते वहीत लिहून घेतलं. माझी पत्रकं पिशवीतच राहिली.

ताईला सकाळी कळा सुरू झाल्या. दिवसभर त्या चादरीआड मावशी उभ्या होत्या. कंबर चोळत, पाणी पाजत, तिला उठवून चालवत. बाहेर बाकावर आई रडत होती, म्हणजे ताईचा अंदाज बरोबरच होता. संध्याकाळी बाळाचे ठोके मंदावले आणि मॅडम म्हणाल्या, सिझर करावं लागेल. मावशी ऑपरेशनच्या दारापर्यंत ताईचा हात धरून गेल्या आणि ठरल्याप्रमाणे बाहेर थांबल्या. मुलगी झाली. दोघी सुखरूप. पेढा चुकला.

मी मात्र हिरमुसले. "मावशी, आता पत्रकात काय लिहू? सोबत होती तरी सिझर झालंच."

"एका बाईवरनं काय ठरत न्हाई. कुठल्याच बाजूला न्हाई." मग त्यांनी ताईकडे बघितलं. ताई, टाके दुखत असतानाही, म्हणाली, "मला भ्या वाटलं न्हाई एवढं लिही."

सव्वा महिन्यानं मावशी वही घेऊन ताईची मुलाखत घ्यायला आल्या. सवय जात नाही. ताईचं झाल्यावर मी वही ओढून घेतली आणि तोच प्रश्न लिहिलाय तसा त्यांना वाचून दाखवला. तुम्हाला कळा येत असताना जवळ कोण होतं? आणि त्यांनीच शिकवल्याप्रमाणे गप्प बसले. त्यांचा मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या जन्माबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या. मांडीवरच्या बाळाचं टोपरं त्यांनी दोनदा नीट केलं.

"पाचवा," त्या म्हणाल्या. "बाहेर एक बाई झाडत होती. तिच्या झाडूचा आवाज ऐकत पडले होते. झाडू थांबला की भ्या वाटायचं."

एवढ्या वर्षांत हजारदा वाचलेला प्रश्न त्यांना कुणी उलटा विचारलाच नव्हता. मी वहीत लिहिलं. त्यांनी चष्मा लावून तपासलं, बरोबर आहे म्हणाल्या आणि बाळाला माझ्याकडे दिलं.

ती चादर आता दवाखान्यातच असते. सिस्टर कुणालाही तिला हात लावू देत नाही, म्हणते, पेशंटसाठी आहे.

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी बाळंत होणार असेल, तर या आठवड्यात तिला एकटीला गाठा. बाकीच्यांना काहीतरी काम काढून बाहेर पाठवा. शेळ्या नसतील तर दुसरं काही. मग विचारा, कळा येतील तेव्हा तुझ्याजवळ कोण हवं? आणि तिचं उत्तर येईपर्यंत, कितीही वेळ लागला तरी, गप्प बसा.