शपथविधीच्या दिवशी नसलेलं खातं

मुलगी दहावीत. इतिहासाच्या तासाला तिला 'नव्या देशाचं पहिलं सरकार' या विषयावर रेफराट, म्हणजे वर्गापुढे तोंडी सादरीकरण, द्यायचा होता, सोमवारी पहिल्याच तासाला. तिने भारत निवडला. माझे सासरे तेव्हा तीन महिन्यांसाठी जर्मनीत गेर्लिंगेनला आमच्याकडे आले होते. निवृत्त शिक्षक, सातारा जिल्ह्यात नागरिकशास्त्र शिकवत. पहिल्या मंत्रिमंडळातली खाती त्यांनी तिला एका श्वासात म्हणून दाखवली: परराष्ट्र, गृह, अर्थ, संरक्षण, कायदा, आरोग्य... आणि शेवटी पुनर्वसन. वर्गात पोरं हीच यादी तालावर म्हणायची. मुलीने ती जशीच्या तशी स्लाइडवर घेतली. वर 'शपथविधीच्या दिवशीची खाती', खाली 'स्रोत: आजोबा'.

मला पडताळल्याशिवाय चैन पडत नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी चार ठिकाणी पाहिलं. शपथविधीच्या दिवशी पुनर्वसन खातं नव्हतंच. निर्वासितांचे लोंढे आवरेनात, तेव्हा काही आठवड्यांनी ते निर्माण झालं.

 शनिवारी सासऱ्यांना सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहाचं विचारलं. बायकोच्या कानावर घातलं, तर ती म्हणाली, "तू सांग. मी सांगितलं तर बाबा म्हणतील, माहेरी असताना पाठ होतं, आता विसरलीस." रविवारी सकाळी बाल्कनीतल्या खुर्च्या पुसल्या, त्या आधीच स्वच्छ होत्या. बातम्यांत इथल्या युतीच्या वाटाघाटी चालू होत्या, कुठलं खातं कुणाला. सासरे म्हणाले, "अजून ठरेना का यांचं? आमच्याकडे विरोधकांनासुद्धा खाती देऊन मोकळे झाले होते."

दुपारी मुलगी सरावाला उभी राहिली. शेवटच्या खात्यापाशी आली आणि मी म्हणालो, "ते त्या दिवशी नव्हतं."

ती जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, उद्या सादर करायचंय! आत्ता सांगतोयस?"

सासऱ्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला कधी कळलं, जावईबापू?"

"शुक्रवारी."

"आज रविवार."

"बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"अहो, चूक दिसली की लगेच हात वर करायचा, हे मी पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो. पोरं करायचीसुद्धा. तुम्ही मात्र दोन दिवस मला सांभाळून घेत बसलात. इतका म्हातारा झालोय का मी?"

 मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चारही नोंदी बोट ठेवून वाचल्या. मग नातीला म्हणाले, "वरून काढ, आणि खाली वेगळं लिही. का करावं लागलं, तेही लिही. स्रोतातलं माझं नाव राहू दे, पुढे 'दुरुस्त' असं घाल."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली आणि टाइप करू लागली.

मला वाटलं, संपलं. पण ते उठून खोलीत येरझारा घालू लागले. यादी शिकलेला त्यांचा एक विद्यार्थी आता त्याच शाळेत शिकवतो. तिकडे संध्याकाळ झाली होती. त्यांनी फोन लावला.

"अरे, तू वर्गात अजून माझीच यादी म्हणून घेतोस ना? मग वही घे. नाही, आत्ताच घे. शेवटचं खातं मी चुकीचं शिकवलंय."