जयपाल सर आणि पेठेचा गूळ

जयपाल मगदूम सरांना आमच्या गावात कुणी कधी ओरडताना ऐकलं नाही. गाव शिरोळच्या अंगाला, कृष्णेकाठी. इथं शेजाऱ्याला जेवलास का विचारलं तरी ते मळ्यापर्यंत ऐकू जातं. अशा गावात हा माणूस सव्वीस वर्षं विज्ञान शिकवत राहिला आणि एकाही पोराच्या अंगाला त्यानं हात लावला नाही. बाकीचे मास्तर निरगुडीच्या फोकानं पोटऱ्या फोडायचे. सरांच्या टेबलावर छडी नसायची, एक धुतलेलं पांढरं फडकं असायचं. सर जैन, आणि जैनांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. गाळून झालं की फडकं उलटं करून त्याच विहिरीत खंगाळतात, जीव मरू नये म्हणून. शाळेत गाळायचा कागद संपला की सर घरनं तसलं फडकं आणायचे.

माझा पोरगा पिराजी त्यांच्या पहिल्या वर्षातला. दहावीला विज्ञानातच आपटला. त्याच्या बापानं त्याला कासऱ्यानं खांबाला बांधला आणि पाठीची सालटी काढली. मी सोडवायला गेले, तर चार मला बसले. आमच्या घरात तेव्हा बोलणं कमी आणि हात जास्त. मी पण काही साधी नव्हते, पिराजीच्या मांडीवर माझ्या उलथण्याचा डाग अजून आहे. दुसऱ्या दिवशी सर दारात आले. वळ बघितले आणि आमच्या मालकांना म्हणाले, "पोरगा माझ्या विषयात नापास झालाय. मारायचं तर मला मारा." मालक उठून मळ्याकडं गेले.

पुढं मालक वारले आणि पिराजीनं गुऱ्हाळ हातात घेतलं. आता जे सांगते ते लाजेचं आहे. तीन वर्षं तो पेठेत विकायच्या गुळात खडूसारखी पांढरी भुकटी कालवत होता. रंग उजळतो, वजन भरतं. घरात खायला मात्र साध्या रसाची एक काहील वेगळी उतरायची, तो गूळ चुलीमागच्या पितळी डब्यात. मला सगळं माहीत होतं. मी डब्यातला गूळ खायची आणि तोंड मिटून बसायची.

गेल्या जानेवारीत नातू, पिराजीचा राजवीर, आठवीतला, शाळेला निघताना म्हणाला, "आज्जी, सरांनी घरचा गूळ आणायला सांगितलाय. मिश्रण वेगळं करायचा धडा हाय."

"म्हंजे करायचं काय त्याचं?"

"पाण्यात विरघळवायचा नि गाळायचा."

"आणि मग?"

"मग वतून द्यायचा."

पाण्यात कालवून ओतून द्यायला डब्यातला चांगला गूळ कशाला? माझ्या हाताला सवयच तशी. परसात पेठेच्या ढेपा रचल्या होत्या, त्यातल्या एका फुटक्या ढेपेचा तुकडा काढून मी त्याच्या हातात ठेवला.

धडा कसा झाला ते राजवीरनं मला नंतर सांगितलं. सरांनी आधी वाळूतनं लोखंडाचा कीस चुंबकानं उचलून दाखवला. मग मीठ आणि वाळू पाण्यात घालून वेगळी केली. मग म्हणाले, आता तुमचा गूळ. प्रत्येकाच्या बाटलीवर मी नावाची चिठ्ठी लिहून चिकटवतो, म्हणजे कुणाची कुठली ते चुकणार नाही. गाळ खाली बसायला बाटल्या रात्रभर खिडकीत ठेवल्या. सकाळी सगळ्या बाटल्यांच्या तळाला उसाची चिपाडं आणि माती, चिमूटभर. राजवीर पिराजी चव्हाणच्या बाटलीत दोन बोटं पांढरा थर.

सरांनी ती बाटली बाकीच्यांच्या मागं सरकवली. मग म्हणाले, "कुणाच्या बाटलीत काय निघालं ते वर्गातच राहू द्या." पण वर्गात अडतीस तोंडं, आणि एका पोरीजवळ तिच्या भावाचा मोबाईल. दुपारच्या आत बाटलीचा फोटो गावच्या ग्रुपवर. चिठ्ठीवरचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. सरांचं अक्षर तेवढं सुंदर.

संध्याकाळी कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या अडत्याचा फोन आला, माल पाठवू नका म्हणून. पिराजीनं फोन ठेवला आणि आधी राजवीरला धरला. कानफटात असा हाणला, की पोराच्या कानातनं रक्त आलं. पोरगा रडत पण नव्हता, नुसता माझ्याकडं बघत होता. त्यानं आज्जीचं नाव घेतलं नाही. मी पण घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळेला पिराजीनं गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ सारायची लोखंडी सळई उचलली आणि दोन गडी घेऊन निघाला. मी मागनं पळाले. सत्तरीची बाई किती पळणार? मी शाळेत पोचले तेव्हा खिडकीतल्या सगळ्या बाटल्या खाली पडून चुरा झाल्या होत्या. फरशीभर काचा आणि चिकट पाणी. पोरं बाकाखाली शिरली होती. सर फळ्याला पाठ लावून उभे होते आणि दोन्ही हात पुढं धरून म्हणत होते, "पिराजी, पोरं हायत. बाहेर बोलू."

"माझं नाव बाहेर घालवलंस नि आता बाहेर बोलू?"

पहिली सळई खांद्यावर बसली. दुसरी गुडघ्यावर. सर काचांत पडले. पडल्यावर त्यांनी डोक्यावर हात घेतला आणि पिराजीनं त्या हातावरच घातली, एकदा, दोनदा, तीनदा. हाड मोडल्याचा आवाज वाळलेल्या चिपाडासारखा येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी पिराजीच्या पायाला मिठी मारली. त्यानं मला लाथेनं उडवलं आणि पुन्हा एक घातली. गडी पण घाबरून मागं सरकले, तेव्हा कुठं तो थांबला.

सरांना कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. हवालदार चौकशी करतो म्हणाला आणि काही लिहून न घेताच गेला. आणि इकडं पिराजीनं गावात सांगायला सुरुवात केली, की भुकटी मास्तरनंच टाकली, दुसऱ्या गुऱ्हाळवाल्याकडनं पैसे खाल्ले म्हणून. बाटल्या तर फुटलेल्या. चार दिवसांत अर्धं गाव तसंच बोलायला लागलं. शाळेच्या संस्थेनं सरांना निरोप धाडला, चौकशी होईपर्यंत घरी बसा.

मी एसटीनं दवाखान्यात गेले. सरांची बायको प्रभावती दाराशी बसली होती.

"आता काय बघायला आलाय, मावशी? अजून एक हात शिल्लक हाय त्यांचा, तो?"

तिचं खोटं नव्हतं. आत सर उजव्या हाताला लोखंड ठोकून पडले होते. मला बघून उठायला बघत होते.

"हात भरून यील, मावशी," ते म्हणाले. "पण सव्वीस वर्षं पोरांना सांगितलं, जे दिसतं तेच वहीत लिवा. आता तीच पोरं मला खोटारडा म्हणत्यात. काल एकाचा बाप फोन करून म्हणाला, सर, खरं सांगा, किती घेतलं."

तिथं स्टुलावर बसून मी त्यांना तुकड्याचं सगळं सांगितलं. डब्यातला गूळ वाचवला, ते पण.

"हे मला सांगून उपेग न्हाई," ते म्हणाले.

शनिवारी शाळेत सभा होती. पालक, संस्थेचे लोक, हवालदार. पिराजी पुढच्या खुर्चीत पांढरी टोपी घालून बसला होता. त्यानं भुकटीची गोष्ट पुन्हा सांगितली, अगदी पाठ केल्यासारखी. मी मागनं उठले.

"त्यो गूळ म्या दिलता. परसातल्या ढेपेतला. भुकटी तीन वरसं पडतीय, पोती गुऱ्हाळाच्या माळ्यावर हायत, आत्ता जाऊन बघा. मास्तरनं काय टाकलं न्हाय."

"आई, खाली बस."

"न्हाय बसत."

तो खुर्च्या ढकलत आला आणि सगळ्या गावासमोर त्यानं माझ्या तोंडावर मारलं. मी खिडकीवर आदळले, पुढचे दोन दात तिथंच गेले. तोंडात रक्त घेऊनच मी म्हटलं, "हवालदार, आता तरी लिवून घेता का?" त्यानं वही काढली. पिराजीला धरायला पाच माणसं लागली, आणि माळ्यावर सोळा पोती निघाली.

संस्थेनं सरांना सोमवारीच परत बोलावलं. उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत, म्हणून ते फळ्यावर डाव्या हातानं लिहितात. राजवीर फोनवर सांगतो, अक्षर पार आमच्यापेक्षा वंगाळ झालंय, आज्जी, आम्हीच वाचून दाखवतो.

मी लेकीकडं गडहिंग्लजला असते. पिराजी जामिनावर आहे, माझ्याशी बोलत नाही. त्याचा हात असा कुठनं आला ते मी कुणाला विचारत बसत नाही, मला ठाऊक आहे. पुढल्या मंगळवारी कोर्टात माझी साक्ष आहे. वकील म्हणतो, "आज्जी, विचारलं तेवढंच सांगायचं, जास्त बोलायचं न्हाई." तीन वर्षं तेच केलं होतं, वकीलसाहेब, असं मी त्याला सांगितलं आणि लेकीला मंगळवारची सकाळी सहाची गाडी बघायला लावली.