सिपोराबाईंचा नवस

सिपोराबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या जवळजवळ माझ्याच जागेवर बसल्या होत्या. धायरीतल्या त्या वृद्धनिवासात व्यायाम घ्यायला जायचा माझा पहिलाच दिवस. दालनात खुर्च्या ओळीने मांडलेल्या, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. आणि एकच खुर्ची माझ्या शेजारी, लोकांकडे तोंड करून. तीत फिकट निळ्या सुती साडीतल्या, ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई. मी म्हटलं, "आजी, तुम्ही समोर बसा ना, म्हणजे मी नीट दिसेन." त्या म्हणाल्या, "तू दिसून काय करायचंय? ऐकू येतेस, पुष्कळ झालं." मी "उजवा हात वर" म्हटलं, त्यांनी डावा केला. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. हळूच चूक सांगायला गेले, तर अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर आलं, "अगं, समोरून बघणाऱ्याला तो उजव्या बाजूलाच दिसतो. फिजिओथेरपी शिकलीस, आरसा नाही का पाहिलास कधी?" आणि खरंच, सगळे माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून हात वर करत होते. माझी सद्दी पहिल्याच दिवशी संपली.

हा निवास ज्यू ज्येष्ठांचा. कुणाची मुलं इस्राएलला, कुणाची मुंबईला, कुणाला मुलंच नाहीत. ही सगळी मूळची कोकणातली बेने इस्राएल मंडळी, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. मी घोरपडे पेठेतली नसीम; आमचं घर आजोबांच्या आधीपासून तिथलं. पहिल्याच आठवड्यात सिपोराबाई म्हणाल्या, "शनिवारी येऊ नकोस, शनिवारी आम्ही मशिदीत जातो," तेव्हा मी चमकले. मग कळलं, हे लोक आपल्या प्रार्थनागृहाला पूर्वीपासून मशीदच म्हणतात. मी घरी सांगितलं तर अब्बा खूश. म्हणाले, "मग परक्यांकडे कुठे जातेस तू?"

सिपोराबाईंची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेली होती. तिथली भाषा जिभेवर इतकी बसलेली, की निवृत्तीनंतरही सुटली नाही. कुणी बोलता बोलता रडू लागलं की त्या म्हणत, "धरून ठेवा, मी आहे लाइनवर." दोघी शेजारणी भांडून अबोला धरून बसल्या की इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगून चहापर्यंत दोघींना एका टेबलावर आणत. एखाद्याला आठवेनासं झालं, नावं विसरू लागली, घरचे घाबरून फोनवर विचारू लागले, की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "लाइन खरखरतेय. तुटलेली नाही."

माझ्या वहीतले उपक्रम त्यांना पसंत नव्हते. चेंडू फेकणं, रंगीत मणी ओवणं वगैरे. "आम्ही म्हातारे झालो आहोत, बालवाडीत गेलेलो नाही." त्यांच्या नववर्षाच्या आधी त्यांनी चिकाचा हलवा घरी करायचं काढलं. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर. आणि तो तासन्‌तास घोटायचा. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मंदाबाई धायरीच्याच. त्या म्हणाल्या, "आजी, मी हाय की घोटायला, तुम्ही बसा." सिपोराबाई म्हणाल्या, "तू हायस म्हणूनच आम्ही बसून घोटणार." कढई बुटक्या शेगडीवर ठेवून भोवती खुर्च्या मांडल्या, आणि एकेकाने पाळीपाळीने उलथनं फिरवलं. ज्या पेणकरबाई व्यायामाला खांदा कानापर्यंत नेत नसत, त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ घोटलं. सिपोराबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लिही तुझ्या अहवालात. खांदा सुटला, वर हलवाही झाला."

आता हसकेलकाकांबद्दल सांगायला हवं, कारण सिपोराबाई खऱ्या कळल्या त्या तिथे. निवासातले हसकेलकाका पूर्वी खडकीच्या एका कारखान्यात माल तपासायचे. आयुष्यभर "पास" आणि "रिजेक्ट" एवढ्या दोन शब्दांवर जगलेला माणूस. भाजीत मीठ कमी, रिजेक्ट. वर्तमानपत्राची घडी वाकडी, रिजेक्ट. प्रार्थनेतलं एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं त्यांना चालत नसे, आणि सण असला की प्रार्थना म्हणणाऱ्या दानियलकाकांच्या कोपराशी उभं राहून ते चुका काढत. दानियलकाका बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने गरीब, आवाजाने गोड आणि विसरभोळे.

मग हसकेलकाका न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, हाड उत्तम जुळलं. डॉक्टर म्हणाले, चाला. काका चालेनात. पलंगावर पडून मी सांगेन ते सगळं करत, पाय उचलत, गुडघा वाकवत. पण "आता उभे राहा" म्हटलं की चेहरा भिंतीकडे. ते पाय पुरते बरे होते, मी रोज हात लावून बघत होते. भरली होती ती धास्ती. निवासाचा नियम असा, की जो स्वतः उठून चालू शकत नाही त्याला ठेवता येत नाही, कारण तशी सेवा करणारी माणसं तिथे नाहीत. मुलाने इस्राएलमधल्या हैफाहून फोन करून एक शुश्रूषा केंद्र बघून ठेवलं होतं. महिनाअखेर काकांना हलवायचं ठरलं. तिथे गेलेला माणूस पुन्हा पायांवर उभा राहत नाही, हे मला धंद्यामुळे माहीत होतं आणि सिपोराबाईंना अनुभवाने. त्यांच्या यजमानांचा शेवट अशाच एका खाटेवर झाला होता.

एका दुपारी जेवताना त्यांनी पाण्याचं भांडं चमच्याने वाजवलं. "मी एलियाहू नबीला नवस बोलले आहे. हसकेल आपल्या पायांनी दालनात आले, तर मलिद्याचं ताट करीन."

मलिदा म्हणजे त्यांच्याकडचा नवस फेडायचा विधी. गोड पोहे, खोबरं, वेलची, वर फळं. एलियाहू नबीचं स्मरण करून प्रार्थना म्हणायची आणि ताट वाटायचं. नवस लोक स्वतःचा बोलतात, फार तर मुलाबाळांचा. दुसऱ्या म्हाताऱ्याच्या पायांचा नवस, आणि तोही त्याला न विचारता, कुणी ऐकला नव्हता. काकांच्या खोलीतून आरडाओरडा झाला. "माझ्या पायांचा नवस बोलणाऱ्या तुम्ही कोण?" सिपोराबाईंनी जागेवरूनच उत्तर दिलं, "नवस माझा आहे. तुमचे फक्त पाय."

आठवडा गेला, काका हलले नाहीत. महिना सरत आला. तेव्हा बाईंनी जाहीर केलं, की मलिदा गुरुवारी संध्याकाळी होणार, काका येवोत न येवोत. मी म्हटलं, "अहो, नवस पुरा व्हायच्या आधीच फेडणार?" त्या म्हणाल्या, "ट्रंक कॉल आधी बुक करावा लागतो, मग माणूस बोलतो." शिवाय विधी दालनात नाही, काकांच्या खोलीसमोरच्या पडवीत होणार होता. खुर्च्या तिकडे हलल्या. ताट सिपोराबाईंनी स्वतः लावलं, कुणाला हात लावू दिला नाही.

आणखी एक अडचण होती. अशा प्रार्थनेला दहा पुरुष हवेत, अशी त्यांची रीत. निवासात पुरुष बरोबर दहा, हसकेलकाकांना धरून. शहरातून एखादा बोलावता आला असता, पण सिपोराबाई ऐकायला तयार नव्हत्या. दानियलकाकांनी मोजलं आणि म्हणाले, "नऊच आहेत."

"दहावे आत आहेत," सिपोराबाई म्हणाल्या.

आतून आवाज आला, "मला मोजू नका. मी माझ्या खोलीत आहे. मोजायचं तर माणसाचं तोंड दिसावं लागतं."

"मग दाखवा तोंड! एवढं काही वाईट नाही ते."

 थोडा वेळ वाट पाहिली. पोह्यांचा वास पडवीभर सुटला होता. शेवटी दानियलकाका बिचारे म्हणाले, "दहा होत नाहीत, तर फळांच्या बराखा तेवढ्या म्हणू आणि ताट वाटू." बराखा म्हणजे खाण्याआधी त्या त्या पदार्थासाठी मानायचे आभार. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी. ताटावर सगळ्यांत वर केळी होती. दानियलकाकांनी केळं उचललं आणि गोड आवाजात झाडाच्या फळाची बराखा सुरू केली.

"केळं खाली ठेव!"

पडवी दचकली. "केळं झाडाचं फळ नव्हे, जमिनीचं! केळीला लाकूड असतं का? किती वर्षं सांगतोय मी तुला? आधी खजूर घे, खजूर!"

दानियलकाकांनी केळं ठेवलं, चष्मा सावरला, गोंधळले आणि पुन्हा केळंच उचललं. मग मात्र त्यांच्यातलाही पुणेकर जागा झाला. "हसकेल, आतून आलेल्या सूचना आम्ही स्वीकारत नाही. बोलायचं असेल तर समोर या."

पलंग करकरला. पाठोपाठ वॉकरचा आवाज आला. मी झटकन उठले. अहो, धरायला कुणी नाही, हा माणूस पडला तर सगळंच संपलं! सिपोराबाईंनी माझा हात असा काही घट्ट पकडला, की तेवढी ताकद त्यांच्यात असेल असं व्यायामात मला कधी दिसलं नव्हतं. "बस. लाइन लागतेय. मध्ये बोलू नकोस."

एक पाऊल. थांबणं. दुसरं पाऊल. मग दारात हसकेलकाका, विस्कटलेले केस, लाल चेहरा. त्यांच्या दाराच्या चौकटीवर, सगळ्या ज्यू घरांत असते तशी, पवित्र वचन ठेवलेली लहानशी डबी होती. त्यांनी वॉकरवरचा एक हात सोडला, बोटं तिला लावली, ओठांना लावली. हात सुटला तरी तोल गेला नाही.  काका गरजले, "खजूर!" दानियलकाकांनी खजूर घेतला. दहा झाले होते.

प्रार्थना पुरी झाल्यावर सिपोराबाई म्हणाल्या, "नवस दालनापर्यंतचा होता, हसकेल. हे दार झालं." काका पोहे खात म्हणाले, "दालनातल्या सगळ्या खुर्च्या इथे आणल्यात. आता तिकडे भिंतींना भेटायला जाऊ?" पण दुसऱ्या दिवशी ते दालनातही गेले, आणि शुश्रूषा केंद्राचा विषय हैफाच्या फोनवर त्यांनीच "रिजेक्ट" करून टाकला.

मी नंतर बाईंना विचारलं, "दानियलकाका चुकणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"दर वेळी चुकतात."

"आणि केळी वर कुणी ठेवली?"

"ताट मी लावलं होतं. वर काय ठेवायचं ते मंदाला विचारू?" एवढं बोलून त्या तिसऱ्या खोलीतल्या आजीबाईंना दाण्यांचा लाडू द्यायला निघून गेल्या. मी त्यांच्याकडून शिकले ते हे, की माणसाला उठवायचं तर त्याच्या दुखण्याशी बोलून भागत नाही. त्याला कशाचा राग येतो ते आधी बघावं. राग जिवंत असतो. मी आजही नव्या पेशंटच्या घरच्यांना पहिला प्रश्न तोच विचारते, आणि ते माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात.

सिपोराबाई या वर्षी गेल्या. चार दिवसांचा ताप, आणि पहाटे झोपेतच. त्यांच्यात दफन त्याच दिवशी करतात. इस्राएलमध्ये अश्दोदला असलेल्या त्यांच्या मुलीला विमान मिळूनही पोहोचता येणार नव्हतं. मुलगा नव्हता. गेलेल्या माणसासाठी कबरीपाशी कदीशची प्रार्थना मुलाने म्हणायची असते. ती कोण म्हणणार, हे कुणी विचारायच्या आत हसकेलकाका कोट घालून फाटकाशी उभे होते.

कबरस्तानातली जमीन ओबडधोबड. वॉकर दगडांत अडकू लागला, तेव्हा काकांनी तो बाजूला केला, दानियलकाकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चालू लागले. मी मागून दोन्ही हात पुढे धरून, श्वास रोखून चालले होते. कबरीपाशी त्यांनी तोही हात काढून घेतला. कदीश खणखणीत आवाजात म्हटली. एकाही अक्षराची चूक नाही.

माती लोटायला वेळ लागणार होता. मी सोबत आणलेली घडीची खुर्ची उघडून त्यांच्यामागे ठेवली आणि म्हटलं, "काका, बसा आता."

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "उचल ती. हिच्यासमोर बसलो, तर मला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

आणि शेवटची मूठ पडेपर्यंत ते उभे राहिले.