अक्काच्या तोंडचं वाक्य

निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती. आदिलाबाद जिल्ह्यातल्या वांकिडीच्या मराठी शाळेत मी मास्तर होतो आणि थोरली बहीण, अक्का, नवरा वारल्यापासून माझ्याकडेच राहायची. त्या हिवाळ्यात पुण्याकडची एक सिनेमा कंपनी गावाबाहेर तंबू ठोकून उतरली. गोष्ट आमच्याच भागातल्या एका आईची होती. दिग्दर्शक तरुण होता, जीव ओतून काम करणारा. पुस्तकी भाषा त्याला नको होती. "तुमचे लोक बोलतात तसे संवाद लिहून द्या," म्हणत तो शाळेतच येऊन बसला.

संवाद कसे लिहितात ते मला ठाऊक नव्हतं. त्यानंच शिकवलं. कागदाच्या डाव्या अंगाला काय दिसतं ते लिहायचं, उजव्या अंगाला काय ऐकू येतं ते. "डोळ्यांना दिसतंय ते तोंडानं पुन्हा सांगायचं नाही," तो म्हणायचा. मी लिहिलेलं तो मोठ्यानं वाचायचा आणि बरंचसं खोडून टाकायचा. उरायचं ते खरंच कुणी बोलल्यासारखं वाटायचं.

एका प्रसंगाला मात्र आम्ही अडलो. दवाखान्यात नेताना वाटेतच मुलगा जातो आणि आई त्याला बैलगाडीत घेऊन परत येते. ती काय बोलेल? मी लिहीत होतो, तो मान हलवत होता. अक्का चहा घेऊन आली होती. तिचा एकुलता मुलगा असाच तापानं आसिफाबादच्या वाटेवर गेला होता, म्हणून मी कागद बाजूला सारले. पण ती खाली बसली.

"मी रडली नाई," ती म्हणाली. "गाडी दारात उभी राह्यली. मी त्याले हालवलं. म्हनलं, ऊठ नं रे राजा, घर आलं. काऊन झोपून राह्यला?"

दिग्दर्शकानं हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "ताई, हे मी घेऊ?"

"घ्या. पोराचं माह्यापाशी तेवढंच राह्यलं. लोकायले ऐकू द्या."

आईचं काम करणारी नटी रोज दुपारी आमच्याकडे यायची. 'राह्यला' तिच्या जिभेवर बसेना, ती 'राहिला'च म्हणायची. अक्का तिला ओट्यावर बसवून पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायची. शूटिंगच्या दिवशी नटी ते इतकं सहज बोलली की आवाज टिपणारा माणूस कानावरचं यंत्र उतरवून डोळे पुसू लागला. अक्का लांब झाडाखाली उभी होती. त्या दिवशी ती घरी येऊन पोटभर जेवली.

सिनेमा तयार व्हायला वेळ लागला. तेवढ्यात हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही आंध्रात. आदिलाबादच्या टॉकीजवाल्याला विचारलं तर तो हिंदीत म्हणाला, "मास्तरजी, अब यहाँ मराठी पिक्चर कौन देखेगा?" त्यामुळे सिनेमा लागला तेव्हा आम्ही सीमेपलीकडे चांद्याला गेलो. अक्का ठेवणीतलं लुगडं नेसली होती.

पडद्यावर गाडी दारात थांबली. नटीनं मुलाला हलवलं. तिचे ओठ अक्काचंच वाक्य बोलत होते, पण कानावर भलतंच आलं: "बाळा, या अभागी मातेला सोडून कुठे रे गेलास?" अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली असेल.

थोड्या वेळानं एक दारुडा गडी गाडीत पडलेला दिसला. त्याची बायको त्याला लाथ घालत ओरडली, "ऊठ नं रे राजा, घर आलं! काऊन झोपून राह्यला?"

टॉकीज हसण्यानं दणाणून गेली. मागं कुणी तरी तेच वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवलं आणि पुन्हा हशा झाला.

पहिला खेळ म्हणून दिग्दर्शक आला होता. दाराशी त्यानं मला गाठलं. तो वर बघत नव्हता. "वितरक म्हणाले, नायिका असं बोलली तर लोक हसतील. तिचा आवाज परत भरून घेतला. वाक्य वाया जाऊ नये म्हणून मग..." माझ्या मागं अक्का उभी होती. तिनं त्याला हात जोडले आणि ती पुढं चालू लागली.

परतीच्या मोटारीत ती म्हणाली, "त्यायले आपलं बोलनं समजलं नसन."

"समजलं, अक्का," मी म्हणालो.

त्यानंतर तिनं मुलाचा विषय काढला नाही. आधी कुणीही पाहुणा आला की ती त्याच्याबद्दल सांगायची. आता बाहेरचं कुणी आलं की ती आत जायची, आणि फार आग्रह केला तर शाळेच्या पुस्तकातल्यासारखं तुटक बोलायची. 'हाय'च्या जागी 'आहे' म्हणताना आधी थोडं थांबायची.

त्याच दिग्दर्शकानं पुढच्या सिनेमासाठी माझ्याकडे माणूस पाठवला. तशाच एका विनोदी गड्याचे संवाद लिहून हवे होते. मी नाही म्हणालो. शाळेला हुकूम आला होता, पहिलीचा वर्ग तेलुगूत सुरू करायचा. सकाळी मी पाटीवर ती अक्षरं गिरवत बसायचो, आणि अक्का चुलीपाशी न बोलता भाकरी थापत असायची.