तीर्थाहून आलेले पाय

आम्ही नवराबायको रामेश्वर करून केरळमार्गे परतलो. अमरावती स्टेशनवरून राजापेठेत घरी येताना ऑटोतच आरोग्य खात्याचा फोन आला. आमच्या डब्यातल्या एका प्रवाशाला निपाह निघाला होता. आम्ही आता एकवीस दिवस वेगळ्या खोलीत राहायचं, कुणाला शिवायचं नाही, रोज ताप मोजायचा.

तीर्थाहून आलेल्यांचे पाय धुवून पाया पडायची आमच्याकडे रीत आहे. पायांना पुण्य चिकटून येतं म्हणे. दुसरं काही चिकटत असेल, अशी शंका कुणाला येत नाही. फाटकाशी सारी आळी उभी होती. पुढे नगरसेवक, हार आणि फोटोग्राफरसह.

"लांब व्हा!" उतरता उतरता मी ओरडलो आणि कारण सांगितलं.

"आमाले काई होत नाई, काका," नगरसेवक मागे सरकत म्हणाला.

बाळंतपणाला आलेली लेक मात्र पोट सावरत वाकलीच. बायकोनं झटकन पाय मागे घेतले.

"आई, रागावली का माह्यावर?"

"नाई वं माय. पोटातल्यासाठी."

त्याच दुपारी लेकीला अकोल्याला मामाकडे पाठवलं. रोज ताप मोजताना आम्ही दोघं फक्त जेवणाखाण्याचं बोलायचो.

मुदत संपण्याआधीच तिकडे तिला मुलगी झाली. बायको फोनवर बाळ पाहत होती, तेव्हा आरोग्य खात्याकडून आलेल्या नर्सबाईंनी तिचा ताप पाहिला.

"ताप नाई."

"मंग जाऊ का अकोल्याले?"

"मुदत संपू द्या, आजी."

एरवी कुणी आजी म्हटलं की बायको भांडते. त्या दिवशी तिनं मुकाट्यानं खोलीचं दार लावून घेतलं.