तिन्ही प्रती एकाच मशीनवर

त्या काळी मी नांदेडला संगणक दुरुस्तीच्या एका दुकानात कामाला होतो आणि दर मंगळवारी एसटीने लातूरला जायचो. भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती आणि लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते. जळकोट-देवणीकडची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन यायची, खोल्या करून राहायची, आणि प्रत्येक क्लासला दर आठवड्याला नव्या प्रश्नपत्रिका लागायच्या. प्रश्नपत्रिका म्हणजे संगणक आला आणि संगणक आला की मी आलोच. तिथल्या लोकांना मी डॉक्टर वाटायचो. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

एका क्लासचे फिजिक्सचे सर मात्र माझ्या डोक्याला ताप झाले होते. त्यांचा प्रश्नसंच टाइप करायला उदगीरकडच्या एक बाई होत्या. घरी दोन धाकट्या बहिणी शिकत होत्या आणि कमावणाऱ्या या एकट्याच. टाइप करता करता त्यांचा प्रोग्राम अचानक बंद पडायचा. मेमरी कमी असल्याचा निरोप झळकायचा आणि सगळं गायब, दीड-दोन तासांचं काम पाण्यात. मी जायचो, मशीन बंद करून चालू करायचो, प्रोग्राम उघडून चार ओळी टाइप करायचो. अगदी सुतासारखा सरळ चालायचा. मी नांदेडला पोचलो की दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

मी व्हायरस शोधला. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. रॅम दुप्पट केली. काही फरक पडला नाही. चौथ्या खेपेला सर म्हणाले, "इंजिनिअर, नीट करणं जमत नसंल तर निदान रोग तरी सांगा." मला रोग माहीत नव्हता, आणि माहीत नाही म्हणणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी चिडलो. सर्व्हिसच्या कागदावर 'दोष' असा एक रकाना असायचा. त्यात मी लिहिलं, 'वापरणाऱ्याची चूक', खाली सही ठोकली आणि बस पकडली.

पुढच्या मंगळवारी गेलो तर सरांनी तोच कागद माझ्यापुढं धरला. "तुमचीच सही हाय. शनिवारी मोठी परीक्षा हाय, पेपर अजून अर्धा बी झाला न्हाई. आज पुन्हा बंद पडलं तर उद्यापासून मी दुसरी बाई बघतो." बाई तिथंच बसल्या होत्या, मान खाली घालून. रागाच्या भरात मी दोन शब्द खरडले होते आणि त्यापायी यांची नोकरी जायची वेळ आली होती.

त्या दिवशी मी मशीनला हात लावला नाही. खुर्ची ओढून शेजारी बसलो आणि म्हणालो, "ताई, तुम्ही रोज करता तसंच करा. मी नुसता बघतो." पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा मापक मात्र चालू करून ठेवला. सिस्टीमकडं किती जागा उरली ते तो दाखवायचा. भरपूर असेल तर हिरवा, कमी झाली की पिवळा, संपत आली की लाल.

बाईंनी प्रश्नसंचाची फाइल उघडली. सरांचे आजवरचे सगळे धडे एकाच फायलीत, पानोपानी सूत्रं आणि आकृत्या. मापक हिरवाच होता. मग त्यांनी दुसरी फाइल उघडली, हुबेहूब तशीच. मापक पिवळा झाला. मग तिसरी उघडली. एक प्रश्न पहिलीत टाइप केला, तोच दुसरीत चिकटवला, मग तिसरीत. चार-पाच प्रश्न होईपर्यंत मापक लाल झाला आणि सूत्र लिहायची चौकट उघडताच सगळं एका फटक्यात बंद पडलं.

"तीन कशाला?" मी विचारलं.

"सरांनी सांगितलंय. एक पडली तर दोन राहत्यात."

"मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच न्हाई, दादा. आल्या आल्या मला खुर्चीवरून उठवायचात."

खरं होतं ते. मला मनापासून लाज वाटली.

रॅम वाढवून उपयोग का होत नव्हता, तेही आता डोक्यात उतरलं. त्या वेळच्या सिस्टीममध्ये चौकटी, फाँट, चित्रं यांच्यासाठी एक वेगळी, ठरलेली जागा असायची. मी मांडव मोठा करत होतो आणि स्वयंपाकाची चूल तेवढीच होती.

सरांना बोलावलं आणि तीन फायलींचं विचारलं. ते म्हणाले, "भूकंपात गावाकडचं घर पडलं तवा बारा वर्षांच्या वह्या खाली गेल्या. एकेकच प्रत होती. तवापासून मी सगळं तीनदा लिहितो."

"त्या तीन वह्या कुठं असतात, सर?"

"एक घरी, एक इथं, एक अर्धापूरला सासऱ्यांकडं."

"आणि या तीन फायली?"

सरांनी मशीनकडं पाहिलं. "एकाच घरात," ते हळूच म्हणाले.

मग आम्ही तिघांनी मिळून दिवसभर काम केलं. फायलीचे धड्यांप्रमाणे तुकडे केले आणि एका वेळी एकच धडा उघडायचा असं ठरवलं. नको ते फाँट काढून टाकले. रोज काम संपताना सगळं तीन वेळा फ्लॉप्यांवर उतरवायचं, तीन डब्यांत. बाई संध्याकाळपर्यंत टाइप करत होत्या. मापक हिरवाच राहिला आणि शनिवारचा पेपर पुरा झाला.

एक डबा सरांनी कपाटात ठेवला, दुसरा स्वतःच्या पिशवीत टाकला. तिसरा त्यांच्या हातातच राहिला. अर्धापूरला रोज कोण नेणार? त्यांनी तो बाईंपुढं धरला. "हा तुमच्या घरी राहू द्या."

"माझ्याकडं?"

"हाव, तुमच्याकडं. चूक माझी होती, बाई."

बाईंनी डबा घेतला आणि माझ्याकडं वळल्या. "दादा, तो कागद."

मी जुना फाडला आणि नवा काढला. 'दोष'च्या रकान्यापाशी पेन बराच वेळ अडलं. शेवटी लिहिलं, 'दुरुस्त करणाऱ्याने विचारलं नाही', आणि सही केली. बाईंनी तो दोनदा वाचला, घडी घातली, फ्लॉप्यांच्या डब्यात ठेवला आणि सरांच्या प्रश्नांबरोबर घरी घेऊन गेल्या.